आधी बोल, मग पाटी

नांगरट आणि कुळवणी झाल्याशिवाय पेरणी करू नये, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. जमीन तयार नसेल तर उत्तम बियाणेसुद्धा वाया जाते, हे त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पण तोच शेतकरी आपल्या चार वर्षांच्या नातवाला शाळेत घालतो आणि पहिल्याच आठवड्यात गुरुजींना विचारतो, "काय हो, पोराला अजून 'अ' काढता येत नाही का?" आणि गुरुजीही बिचारे या प्रश्नाच्या धाकाने त्या इवल्या बोटांत पेन्सिल कोंबतात. मुलाची जमीन नांगरली आहे की नाही, हे पाहायचे राहूनच जाते.

मुलाच्या बाबतीत ही नांगरट कोणती? तर ती म्हणजे त्याची बोली. मुलाने पुष्कळ ऐकलेले असावे, पुष्कळ बोललेले असावे, आपल्या मनातले दुसऱ्याला सांगता येते असा भरवसा त्याला वाटत असावा, म्हणजे मग अक्षर रुजते. ही गोष्ट आज आपण सहज मान्य करतो. पण ती मान्य होण्यासाठी आपल्या महाराष्ट्रात काही माणसांना फार खटपट करावी लागली. त्यातला एक मोठा भाग मुंबईत, गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर या वस्त्यांच्या आसपास घडला. त्याचीच हकिगत आज सांगायची आहे.

आधी जुनी पद्धत आठवू. पंतोजींच्या शाळेत मूल गेले की त्याच्यापुढे धूळपाटी येई. धुळीत बोटाने अक्षर गिरवायचे, मोठ्याने म्हणायचे, चुकले तर छडी खायची. पुढे सरकारी शाळा आल्या आणि पहिल्या इयत्तेच्याही आधी 'बिगरी'चा वर्ग आला. धुळीऐवजी दगडी पाटी आली, इतकाच काय तो फरक. या पद्धतीत काहीच चांगले नव्हते असे नाही. संध्याकाळी दिव्यापुढे म्हटलेला परवचा आणि पाठ केलेले श्लोक यांनी मुलाच्या जिभेला वळण लागे, कानाला ताल कळे. पण मुलाने स्वतःहून काही बोलावे, विचारावे, सांगावे, याला त्या शाळेत जागा नव्हती. हाताची घडी आणि तोंडावर बोट, हेच शहाण्या मुलाचे लक्षण मानले जाई.

युरोपातही फार निराळे नव्हते. तिथे फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाने १८३७ साली लहान मुलांसाठी एक नव्या प्रकारची शाळा काढली आणि पुढे १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे 'मुलांची बाग' असे नाव दिले. आज आपल्या तालुक्याच्या गावीही पाटीवर 'के. जी.' ही दोन अक्षरे दिसतात, ती या नावाची. बागेतल्या रोपाला ओढून मोठे करता येत नाही. पाणी घालायचे आणि वाट पाहायची. मुलाचेही तसेच, खेळ हे त्याचे पाणी, असे फ्रोबेलचे म्हणणे होते.

हा विचार मराठी मुलखात आणू पाहणाऱ्यांत एक नाव अगत्याने घेतले पाहिजे, ते पंडिता रमाबाईंचे. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, तेव्हा फिलाडेल्फियात त्यांनी ही बालोद्यान पद्धत नीट अभ्यासली. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी गिरगावच्या चौपाटीजवळ त्यांनी शारदा सदन सुरू केले. ते मुख्यतः विधवांसाठी आणि मुलींसाठी होते, आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला गेले. पण लहान मुलाला शिकवणे ही एक विद्या आहे, आणि ती बाईमाणसाने रीतसर शिकावी, हा विचार त्या निमित्ताने गिरगावच्या किनाऱ्याला लागला.

आता गिरगावाहून थोडे उत्तरेला, परळ-लालबागेकडे जाऊ. तुमच्यापैकी कित्येकांचे आजे, पणजे, चुलते या भागात गिरणीत होते. रत्नागिरी-सावंतवाडीकडचे लोक, साताऱ्या-कोल्हापुराकडचे घाटावरचे लोक, सारे पोटासाठी इथे आले आणि या भागाचे 'गिरणगाव' झाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात गिरणीकामगारांत शंभरांतल्या वीसच्या आसपास बायका असत. भोंगा वाजला की आई कामावर निघे. मग तान्ह्या मुलाचे काय करायचे? मुंबई सरकारने त्या वेळी डॉ. बार्न्स नावाच्या बाईंना कामकरी स्त्रियांची स्थिती पाहण्यासाठी नेमले होते. १९२२ साली त्यांनी जे नोंदवले ते वाचून आजही अंगावर काटा येतो. पोर दिवसभर निजून राहावे म्हणून बायका त्याला अफू देत. त्या गोळीला नाव काय, तर 'बाळागोळी'!

त्या आयांना दोष देऊन उपयोग नाही. खोली एक, माणसे दहा, सांभाळायला कोणी नाही, आणि खाडा झाला तर पगार कापला जाणार; त्यांनी तरी काय करावे? पण या गोष्टीचा अर्थ ध्यानात घ्या. ज्या वयात मुलाचे कान आणि जीभ सर्वांत तरतरीत असतात, त्याच वयात त्याला गुंगीत ठेवले जात होते. गिरगावच्या बिगरीत छडीने मूल गप्प बसत होते, आणि परळच्या खोलीत अफूने. कारणे निराळी, पण मूल मुके राहत होते ते दोन्हीकडे. पुढे काही गिरण्यांनी पाळणाघरे काढली, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यावर पाळणाघराची सक्ती झाली. मुलाच्या जिवाची काळजी कायद्यात आली. त्याच्या बोलण्याची काळजी मात्र कोणी करायची?

याच सुमारास रोमहून एक वारे आले. डॉ. मारिया मॉन्टेसोरी या बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातल्या सान लोरेंझो भागात 'बालगृह' उघडले होते. सान लोरेंझो म्हणजे काय, तर तिथले परळच म्हणा! कामकऱ्यांची वस्ती, आईबाप कामावर, पोरे जिन्यांतून आणि रस्त्यांतून हुंदडणारी. बाईंनी त्यांच्या हाती ठोकळे, मनोरे, रंगांच्या पट्ट्या दिल्या. खरखरीत कागदाची अक्षरे करून ती बोटांनी चाचपायला दिली. मुले स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने शिकू लागली. तोंडावर बोट ठेवण्याचे कारणच उरले नाही.

हे पुस्तकातून वाचून भारलेले एक वकील गुजरातेत होते. गिजुभाई बधेका हे त्यांचे नाव. १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढले. मॉन्टेसोरीबाईंची साधने त्यांनी घेतली, पण एक मोठी भर स्वतःची घातली. ती म्हणजे गोष्ट. परीकथा आणि कल्पित कथा लहान मुलांना सांगण्याबद्दल मॉन्टेसोरीबाईंचे मत फारसे अनुकूल नव्हते. मुलाला आधी खरे जग कळू द्या, असे त्या म्हणत. गिजुभाईंना हे पटेना. ज्या देशात आजीच्या मांडीवर निम्मी विद्या मिळते, तिथे गोष्टीवाचून शाळा कशी चालेल? त्यांनी लोककथा गोळा केल्या, मुलांची नाटके केली, गोष्ट कशी सांगावी याचे शास्त्र म्हणून एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक वर्गात शिरतो तो धडा घेऊन नव्हे, गोष्ट घेऊन शिरतो.

या कामात त्यांच्या जोडीला आल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत, प्रार्थना समाजाच्या मतांच्या घरात झाला. मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली. राजकोटला स्त्री-शिक्षिकांच्या विद्यालयात प्राचार्य म्हणून काम केले. ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाईंच्या बालमंदिरात गेल्या. नोकरीतला मान आणि पगार टाकून तीन वर्षांच्या मुलांत जमिनीवर बसायचे, हे त्या काळी पुष्कळांना वेडेपणाचे वाटले असेल. १९२६ साली 'नूतन बालशिक्षण संघ' स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' या मासिकाच्या मराठी आवृत्तीतून ताराबाईंनी हा विचार मराठी घरांत नेला. आणि १९३६ साली त्या मुंबईला परत आल्या व दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'शिशुविहार' सुरू केला.

दादरच का, असे कोणी विचारील. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या दाट वस्तीला मोकळी जागा हवी म्हणून सुधारणा ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती केल्या. हिंदू कॉलनी ही त्यांतलीच एक. गिरगावच्या चाळींतून निघून शिकलेली, नोकरदार मराठी कुटुंबे इकडे येत होती. चार झाडे होती, थोडे अंगण होते आणि मुलासाठी दोन पैसे खर्चण्याची ऐपत होती. नव्या विचाराला रुजायला अशी जागा लागते. शिशुविहाराबरोबर शिक्षिका तयार करण्याचेही काम दादरला चालले, आणि मराठीतून बालशिक्षण शिकलेल्या बाया इथून बाहेर पडू लागल्या.

आता खरा प्रश्न असा, की खेळ आणि गोष्ट यांनी भाषेची तयारी होते म्हणजे नेमके काय होते? शिक्षक बंधुभगिनींनी इकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिली तयारी कानाची. 'गाय' म्हणताना एक टाळी, 'पा-टी' म्हणताना दोन, 'को-थिं-बीर' म्हणताना तीन, असा खेळ मुलांबरोबर खेळून पाहा. शब्द हा एकसंध गोळा नसून त्याचे तुकडे पडतात, हे मुलाला टाळीतून कळते. पुढे अक्षर शिकताना हेच ज्ञान उपयोगी पडते. आपल्या आयाबाया मुलाला मांडीवर घेऊन आपडी-थापडी खेळतात, त्यात हेच तर आहे! तालावर शब्द, शब्दावर हात. ज्याने हे खेळ खेळले आहेत त्या मुलाचा कान शाळेत येण्यापूर्वीच तयार झालेला असतो.

दुसरी तयारी शब्दांची. मॉन्टेसोरी पद्धतीत नाव शिकवण्याच्या तीन पायऱ्या आहेत. आधी वस्तू हातात देऊन सांगायचे, "हे खरखरीत, हे गुळगुळीत." मग विचारायचे, "यातले खरखरीत कोणते? दे बघू." आणि शेवटी वस्तू दाखवून विचारायचे, "हे कसे आहे?" म्हणजे मुलाने आधी ऐकायचे, मग ओळखायचे आणि शेवटी बोलायचे. आपण बहुतेक जण पहिल्या पायरीवरून एकदम तिसरीवर उडी मारतो आणि मूल बोलले नाही की त्याला मठ्ठ म्हणतो.

तिसरी तयारी वाक्यांची आणि संवादाची. ती भातुकलीत होते. भातुकली हा पोरखेळ नव्हे, ती भाषेची मोठी तालीम आहे. एकजण आई होते, एकजण बाबा होतो, एकजण दूधवाला. परळच्या चाळीतले पोर तोंडाने भोंगा वाजवते आणि 'कामावर' निघते. आई झालेली मुलगी आईच्या भाषेत बोलते, दुकानदार झालेला मुलगा हिशेबाच्या भाषेत. "दे", "घे", "उद्या देते", "आता नाही", "आधी हे, मग ते", अशी काळाची, कारणाची, विनवणीची आणि नकाराची वाक्ये मुले एकमेकांकडून शिकतात. हे कोणत्या व्याकरणाच्या तासाला जमेल?

चौथी तयारी गोष्टीची. चिऊ-काऊची गोष्ट आपणां सर्वांना माहीत आहे. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पाऊस येतो, काऊचे घर वाहून जाते आणि तो चिऊच्या दारात उभा राहतो. तो पुन्हा पुन्हा दार ठोठावतो आणि चिऊ दर वेळी काहीतरी नवे निमित्त सांगते. या साध्या गोष्टीत केवढे शिक्षण आहे पाहा. तेच वाक्य फिरून फिरून येते, म्हणून लाजरे मूलसुद्धा तिसऱ्या खेपेला आपणहून तोंड उघडते. पुढे काय होणार याचा अंदाज मूल बांधते. वाचताना आपण हेच तर करतो. आणि निमित्ते बदलता येतात! गावातले मूल म्हणेल, "थांब, मी गाईला वैरण टाकते." चाळीतले मूल म्हणेल, "थांब, नळाला पाणी आलंय, हंडा भरून घेते." ज्या क्षणी मुलाने स्वतःचे निमित्त गोष्टीत घातले, त्या क्षणी ते ऐकणाऱ्याचे सांगणारे झाले. पाटी हातात देण्याची खरी वेळ आता आली.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे, कारण तीच आपल्या खेड्यांतल्या शाळांतही आहे. लालबागच्या चाळीत मुलाच्या घरी जी मराठी बोलली जाई, ती पुस्तकातली नव्हे. मालवणी घरातले मूल 'मला' म्हणत नाही, 'माका' म्हणते. 'कुठे' म्हणत नाही, 'खंय' म्हणते. घाटावरचे मूल 'लई' म्हणते, 'न्हाई' म्हणते. शाळेत पहिले तोंड उघडले आणि गुरुजी किंवा बाई हसल्या, किंवा "नीट बोल" म्हणाल्या, की ते मूल दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. मग आपण शेरा मारतो, की कामगाराच्या मुलाला भाषा नाही. अहो, भाषा नाही कशी? परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके होत, चाळीचाळींत भजने चालत, शाहिरांचे डफ वाजत, आणि पोरे पहिल्या रांगेत जमिनीवर बसून हे सारे ऐकत. त्यांची भाषा श्रीमंत होती, पण शाळेच्या दाराशी तिला जोड्यांसारखी बाहेर काढून ठेवावी लागे.

मुलाचे शिक्षण त्याच्या आईच्या भाषेतून सुरू व्हावे, असे युनेस्को या जागतिक संस्थेने १९५३ साली तज्ज्ञांचा अहवाल काढून सांगितले. आपण त्यात एवढेच जोडू, की आईची भाषा म्हणजे आईची बोलीसुद्धा. मूल 'माका' म्हणाले तर बाईंनी ते समजून घ्यावे, हसतमुखाने उत्तर द्यावे आणि आपल्या उत्तरात 'मला' हा शब्द सहज घालावा. चूक न काढता मुलाच्या कानावर दुसरे रूप घालणे, हीच युक्ती आहे. मूल दोन्ही शिकते. त्याला एक टाकून दुसरे घ्यावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर या भागात गोष्टीला आणि खेळाला आणखी घरे मिळाली. साने गुरुजी १९५० साली गेले. मुलांना गोष्टी सांगणारा तो थोर माणूस गेला तरी गोष्ट थांबू नये, म्हणून प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामालेचे काम मांडले, आणि शाळाशाळांतून गोष्ट सांगणे हे एक व्रत झाले. गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने सुधा करमरकरांनी १९५९ साली मुलांसाठी रंगभूमी उभी केली. रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' हे तिचे पहिले नाटक. ही कामे जरा मोठ्या मुलांसाठी होती हे खरे, पण त्यांनी आईबापांच्या मनात एक गोष्ट पक्की केली. मुलाने गोष्ट ऐकण्यात किंवा नाटक पाहण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

पण ताराबाईंच्या मनाला एक टोचणी होती. दादरचा शिशुविहार चांगला चालला, तरी त्याचा लाभ घेत होती ती बहुधा सुस्थितीतली मुले. मॉन्टेसोरीची साधने महाग. सागवानी ठोकळे आणि पितळी वजने खेड्यातल्या शाळेला कोठून परवडणार? आणि ज्याला याची खरी गरज, ते मूल तर गावात, पाड्यावर. म्हणून १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या, कष्टाने शिकलेल्या बाई. या दोघींनी रोम आणि भावनगरची विद्या मराठी मातीत कालवली. सागवानी ठोकळ्यांच्या जागी शंखशिंपले, चिंचोके, पाने, बांबूचे तुकडे आणि माती आली. मूल शाळेत येत नाही तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे, म्हणून पाड्यावर अंगणात बालवाडी भरू लागली. तीच 'अंगणवाडी'. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरली, तिचे नाव 'कुरणशाळा'. आदिवासी मुलांची बोली निराळी, पण त्यांची गाणी, त्यांचे प्राणी, त्यांची झाडे यांच्यावरूनच बोलणे सुरू व्हायचे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्राला नाव दिले ते हेच, 'अंगणवाडी'. आज हा मराठी शब्द साऱ्या देशात रुळला आहे. आपल्या गावात खाऊ मिळतो, लस मिळते, वजन होते, ती अंगणवाडी या दोन बायांच्या मनातून निघाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. आपल्या शब्दाचा हा देशभरचा प्रवास पाहायला त्या राहिल्या नाहीत. अनुताईंनी तो पाहिला. त्या १९९२ साली गेल्या.

गिरणगावाचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. भोंगा थांबला. चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले आणि कित्येक कुटुंबे दूरच्या उपनगरांत किंवा परत गावी गेली. पण लहान मुलांचे काम थांबले नाही. १९९५ साली मुंबईत 'प्रथम' ही संस्था निघाली आणि तिने वस्त्यांवस्त्यांतून बालवाड्या भरवल्या. जागा मिळेल तिथे, देवळात, समाजमंदिरात, कोणाच्या खोलीत, वस्तीतलीच शिकलेली मुलगी शिक्षिका होऊन बसली. अंगणवाडीचाच हा शहरी अवतार. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी मुलांची चाचणी घ्यायला बंदी केली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा पायाचा टप्पा मानून त्यात खेळालाच मुख्य स्थान दिले. दादरच्या त्या छोट्या शिशुविहारात जे मांडले गेले, ते असे सरकारी कागदावर आले.

कागदावर आले खरे. पण हातात आले का? आजही तीन वर्षांच्या मुलाच्या दप्तरात चार वह्या असतात. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि बोलण्याला दोन्हीकडे फुरसत नाही, अशी कितीतरी मुले शहरातच नव्हे, तालुक्याच्या गावीही आहेत. आणि घरी? मूल रडले, हट्टाला पेटले, की त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. मूल तासन् तास गप्प! आईबापांना वाटते, बरे झाले. तो मोबाईल आणि ती अफूची गोळी एक आहेत असे मी म्हणणार नाही. पण दोन्ही देण्यामागचे कारण मात्र एकच आहे. मोठ्यांना वेळ नाही आणि मूल गप्प हवे आहे. चित्र बोलते, मूल ऐकते. पण चित्राला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि चित्र मुलाचे उत्तर ऐकायला थांबत नाही. भाषा ही देवघेव आहे. एका बाजूने ती वाढत नाही.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो आणि अंगणवाडीच्या ताईंनो, साधने नाहीत म्हणून अडून बसू नका. एक कापडी पिशवी घ्या. तिच्यात चिंचोका, कापूस, करवंटीचा तुकडा, जुनी किल्ली, सुकलेले कणीस घाला. मुलाने आत हात घालून न पाहता सांगायचे, हाताला काय लागते, कसे लागते. रोज एक गोष्ट सांगा, आणि तीच गोष्ट चार दिवस सांगा. मुलांना तिचा कंटाळा येत नाही, तो आपल्याला येतो. दुसऱ्या दिवशी मध्येच थांबा आणि पुढचे वाक्य त्यांना म्हणू द्या. तिसऱ्या दिवशी गोष्टीतली माणसे वाटून द्या आणि मुलांना तिचा खेळ करू द्या. चौथ्या दिवशी एखाद्या मुलाला तुमच्या जागेवर बसवा आणि तुम्ही खाली बसून ऐका. गावातली एखादी आजी बोलावून आणा. तिच्याकडे ज्या गोष्टी आहेत त्या कोणत्याही पुस्तकात नसतील. मूल चुकीचे बोलले तरी त्याचे वाक्य पुरे होऊ द्या.

आणि आयाबापांनो, तुम्हांला एवढेच सांगणे, की पोर शाळेतून आले म्हणजे "आज काय लिहिलेस?" असे विचारू नका. "आज कोणती गोष्ट ऐकलीस? मला सांग ना," असे विचारा. कामाच्या गडबडीतही पाच मिनिटे त्याचे ऐका. चुलीपुढे बसून ऐकलेत तरी चालेल, बैल सोडता सोडता ऐकलेत तरी चालेल. गोष्ट अर्धी राहील, भलतीकडे जाईल, काऊच्या जागी वाघ येईल, येऊ द्या. अक्षराला घाई नाही. ज्या मुलाकडे सांगायला काही आहे, ते उद्या लिहायला आपणहून पाटी मागेल.